घोडीचं नाव बदललं तर अपशकुन होतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका ताईंनी शर्यतीतून निवृत्त झालेली नऊ वर्षांची थरोब्रेड घोडी जूनअखेर पुण्याहून आणली आणि येऊरच्या पायथ्याशी एका तबेल्यात ठेवली. कागदावरचं नाव इंग्रजी आणि लांबलचक, म्हणून घरात तिला 'तारा' म्हणायचं ठरलं. घोडीची देखभाल करणारा मोतद्दार म्हणाला, "ताई, नाव बदललेलं जनावर धन्याला लाभत नाही." सासूबाईंनी ते मनावर घेतलं. त्यात आठव्या दिवशी घोडी खोकायला लागली. आता नाव बदलावं की नाही, आणि बदलायचं तर काही विधी असतो का, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, खुशाल तारा म्हणा. पण नावाचं आठवडाभर थांबलं तरी चालेल, खोकला मात्र आजच बघा.

पुण्याहून ठाणं लांब नाही, तरी घाट आणि वाहतूक धरली तर चार-पाच तास सहज जातात. तेवढा वेळ ट्रकमध्ये घोडीचं डोकं वर बांधलेलं असतं. घोडं एरवी मान खाली घालून चरतं, आणि श्वासनळीतला चिकटा त्या वेळी आपोआप बाहेर येतो. डोकं वरच राहिलं की चिकटा, धूळ आणि जंतू फुप्फुसाकडे उतरतात. म्हणून प्रवासानंतरचे दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ ताप मोजायचा. ताप गुदद्वारातून मोजतात, म्हणून थर्मामीटरला तेल लावा, त्याला दोरी बांधून दुसऱ्या टोकाचा चिमटा शेपटीच्या केसांना अडकवा आणि घोडीच्या मागे नव्हे, बगलेला उभे राहा. 37.5 ते 38.5 अंश सेल्सिअस ठीक. त्याच्या वर गेला तर त्याच दिवशी डॉक्टर. नाकातून घट्ट पिवळा शेंबूड आणि जबड्याखाली सूज दिसली तर स्ट्रँगल्स या घोड्यांच्या संसर्गजन्य आजाराचा संशय धरा. संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण 3 ते 14 दिवस जातात, म्हणजे तुमचा आठवा दिवस त्यात बरोबर बसतो. नव्या घोड्याला तसंही किमान 21 दिवस वेगळं ठेवायचं असतं. बादली, खरारा, लगाम वेगळा ठेवा आणि तिचं काम मोतद्दाराने सगळ्यात शेवटी करावं. नाकात व्रण किंवा अंगावर ओळीने गाठी दिसल्या तर तो ग्लँडर्स हा जिवाणूंचा आजार असू शकतो. तो माणसालाही होतो आणि सरकारी पशुवैद्यकाला कळवणं बंधनकारक आहे. तिथे लपवालपवी अजिबात नको.

ताप नाही, शेंबूड नाही, नुसता कोरडा खोकला आहे आणि तो वैरण खाताना वाढतो, असं असेल तर बहुतेक वैरणीचीच चूक आहे. पावसाळ्यात ठाण्यात सुकी वैरण दोन-तीन दिवसांत बुरसते. पेंढी सोडून उन्हाच्या कवडशात झटकून बघा. पांढरी धूळ उडाली तर ती पेंढी टाकून द्या. चांगली वैरण 20-30 मिनिटं पाण्यात भिजवून, निथळून, जमिनीवर घाला. टांगलेल्या जाळीतून खाणारी घोडी डोकं वर ठेवून धूळ थेट नाकात ओढते.

आता मुद्द्यावर येते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, आणि घोड्याच्या बाबतीत ही गाठ हमखास पडते. कारण नाव बदलायची वेळ आणि बाकी सगळं बदलायची वेळ एकच असते. ज्या पंधरवड्यात तारा 'तारा' झाली, त्याच पंधरवड्यात तिचं ठाण, पाणी, चंदी, मोतद्दार, शेजारची घोडी, नालबंद आणि हवा हे सगळं बदललं. दाणा एकदम बदलला की आतड्यातल्या जंतूंचं तंत्र बिघडतं आणि पोटशूळ उठतो. म्हणून जुन्या मालकाकडून आठवड्याचा दाणा बरोबर आणायचा आणि 7 ते 10 दिवसांत थोडा थोडा करत नव्यावर न्यायचा. तोही जड दाणा नव्हे. साडेचारशे ते पाचशे किलोच्या घोडीला रोज निदान 7-8 किलो सुकी वैरण आधी, दाणा नंतर. शर्यतीच्या घोड्याचा दाणा कामाच्या मानाने भरपूर असतो. काम थांबलं आणि दाणा तेवढाच राहिला की घोडी उधळते, आणि लोक म्हणतात, बघा, नाव बदललं आणि स्वभावच फिरला.

कोकणपट्टीची हवा हे आणखी एक कारण. कोरड्या हवेतून आलेल्या काही घोड्यांचा घाम दमट उकाड्यात हळूहळू आटतो. अंग तापलेलं, कातडी कोरडी, नाकपुड्या फुललेल्या, श्वास मिनिटाला 8 ते 16 असायचा तो विश्रांतीतही कितीतरी जास्त. ऑक्टोबरच्या उन्हात हे उघड दिसतं. खरारा करताना खोगिराखालची कातडी रपेटीनंतरही सुकी लागली तर काम थांबवा, अंगावर गार पाणी ओता, निपटा, पुन्हा ओता, आणि डॉक्टरांना सांगा. पावसाळ्यात आणि नंतर मोठ्या चावऱ्या माश्यांमुळे सर्रा हा रक्तातल्या परजीवींचा आजार पसरतो. ताप येतो-जातो, घोडी भरपूर खाऊनही वाळते, पायांवर आणि पोटाखाली सूज येते. येऊरच्या झाडीलगत ठेवलेल्या घोडीचा ताप असा लपंडाव खेळत असेल तर रक्त तपासूनच घ्या. महिनोन् महिने झुरणारं जनावर बघितलं की घरच्यांना अपशकुन आठवतो, आणि उपचाराचे दिवस त्यातच जातात.

ही समजूत आली कुठून? इंग्रजी धाटणीच्या रेसिंगमध्ये आणि रायडिंगच्या शाळांत घोड्याचं नाव बदलू नये असं पूर्वीपासून मानतात. जहाजाचं नाव बदलू नये ही खलाश्यांची समजूत तिचीच बहीण. आपल्याकडे नाव बदलणं मुळात अशुभ नाहीच. लग्नात ताटभर तांदळात बोटाने नवं नाव लिहून सुनेचं स्वागत करायची पद्धत आपलीच. पाळण्यातलं नाव एक, शाळेतलं दुसरं, आजोळी हाक मारायचं तिसरं, यात कोणालाच वावगं वाटत नाही. माउलींच्या पालखीबरोबर अंकलीहून शितोळे सरदारांचे अश्व येतात. रिंगणात माउलींच्या अश्वाच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. त्याचं स्वतःचं नाव काय, हे तिथे झुकणाऱ्या कितीजणांना माहीत असतं? मान 'माउलींचा अश्व' या स्थानाचा असतो.

घोड्याचं शुभ-अशुभ आपल्या परंपरेत नावात बघत नाहीत, अंगावर बघतात. केसांच्या भोवऱ्यांपैकी गळ्यावरचा देवमण शुभ, डोळ्याखालचा आसूढाळ अशुभ, चारही पाय आणि तोंड पांढरं असलं तर पंचकल्याणी. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याच्या बाजारात भोवऱ्यांवरून भाव आजही चढतो-उतरतो. भोवऱ्याने नशीब ठरत नाही, पण भोवरे नीट पाहण्याची ती जुनी सवय मोलाची आहे. भोवरा जन्मभर जागा बदलत नाही. म्हणून घोड्याच्या पासपोर्टमधल्या, म्हणजे ओळखपुस्तिकेतल्या, आकृतीत पशुवैद्यक प्रत्येक भोवरा फुलीने नोंदवतात: कपाळावर डोळ्यांच्या रेषेवर की थोडा वर, मानेच्या डाव्या बाजूला आयाळीजवळ किती, छातीवर किती. रंग उन्हाने फिका पडतो आणि नाव तर बदलतंच, पण भोवरा बदलत नाही. सासूबाईंना भोवऱ्यांची माहिती असेल तर त्यांना बरोबर घेऊन तबेल्यात जा, पासपोर्टची आकृती हातात धरा आणि एकेक भोवरा ताडून बघा. आकृतीत आहे तो घोडीवर सापडला नाही, तर घोडी आणि कागद एकमेकांचे नाहीत. ती गोष्ट नावापेक्षा फार गंभीर आहे.

इथेच त्या समजुतीतलं खरं दुखणं आहे. नाव बदलून घोडं विकलं की त्याचा मागचा इतिहास पुसला जातो. पुढच्या पायाचं टेंडन कधी फाटलं होतं, पोटशूळ किती वेळा आला, कोणत्या इंजेक्शनचं वावडं आहे, धनुर्वाताची लस शेवटची कधी दिली, हे सगळं जुन्या नावाखाली कुणाच्या तरी वहीत राहतं. नवा मालक 'तारा'ची वही कोरी सुरू करतो. तीन महिन्यांनी डॉक्टर नेहमीचं पेनिसिलिन टोचतात आणि घोडी थरथरून कोसळते. जुन्या वहीत त्याची नोंद असतेही, पण ती वाचायला कुणी नसतं. नाव बदललेलं जनावर लाभत नाही, असं म्हणणाऱ्याने असंच काहीतरी बघितलेलं असू शकतं. त्याला खोटं पाडायची गरज नाही. वही तुटू दिली नाही की झालं.

म्हणून हे करा. नोंदवहीच्या पहिल्या पानावर वर 'तारा', त्याखाली 'नोंदणीचं नाव' म्हणून पूर्ण इंग्रजी नाव स्पेलिंगसकट, मग नर आणि मादी पालकांची नावं, जन्मवर्ष, रंग आणि कातडीखाली बसवलेल्या ओळखीच्या चिपचा 15 आकडी नंबर. चिप मानेच्या डाव्या बाजूला, कान आणि पाठीचा उंचवटा यांच्या साधारण मधोमध, आयाळीच्या थोडी खाली असते. डॉक्टरांना रीडर आणायला सांगा आणि आकडा स्वतः वाचून कागदाशी जुळवा. विम्याच्या कागदावर, रक्ताच्या नमुन्याच्या बाटलीवर, वाहतुकीच्या दाखल्यावर नोंदणीचंच नाव आणि चिप नंबर घाला. 'तारा' फक्त कंसात. बाटलीवर 'तारा' आणि पासपोर्टवर दुसरंच नाव असलं की अहवाल कुणाचा यावरून वाद होतात, आणि विम्याचा दावा अडकायला तेवढं निमित्त पुरतं.

नोंदणीचं नाव बदलायच्या भानगडीत पडू नका. भारतातल्या थरोब्रेडची नोंद पुण्याच्या स्टड बुक ऑथॉरिटी ऑफ इंडियाकडे असते. नाव मोकळ्या जागा धरून 18 अक्षरांत बसवायचा आंतरराष्ट्रीय नियम आहे, आणि शर्यतीत धावून झालेल्या घोड्याचं नाव सहसा बदलत नाहीत. तुम्हाला तशी गरजही नाही. कागदावर एक आणि ठाणावर एक, हे रेसकोर्सवरही चालतं. शर्यतीच्या पुस्तकात छापलेलं नाव घोडीने ठाणावर क्वचितच ऐकलेलं असतं. तिथला साईस, म्हणजे मोतद्दार, तिला राणी, गोरी, काळी, असं काहीतरी म्हणत असतो. म्हणजे तिच्या कानाचं जुनं नाव तुम्हाला अजून ठाऊकच नाही. मागच्या मालकामार्फत त्या साईसाला फोन लावा आणि दोन गोष्टी विचारा: तिला काय हाक मारायचास, आणि दाणा आणताना तोंडाने कोणता आवाज करायचास. ही माहिती खोगिरापेक्षा जास्त कामाची आहे.

नाव निवडताना अर्थापेक्षा आवाज बघा. दोन अक्षरं, शेवट मोकळ्या स्वराचा, लांबून ओढून हाक मारता येईल असं. 'तारा' या बाबतीत उत्तम आहे. रोजच्या हुकुमांशी गल्लत होणारी नावं टाळा. 'बस', 'चल', 'हट', 'हो', 'थांब' यांनी सुरू होणारं किंवा संपणारं नाव घेतलं तर निम्म्या वेळा घोडी हाकेवर थांबेल किंवा निघेल. 'चंचल' किंवा 'बसंती' ऐकायला गोड, पण रिंगणात गोंधळ उडवतात. सासूबाईंना नक्षत्रावरून अक्षर हवं असेल तर घोड्याचं मुख हे चिन्ह असलेल्या अश्विनी नक्षत्राची अक्षरं चू, चे, चो, ला ही आहेत. त्यात 'लाली' चांगलं बसेल. पण घरात 'तारा' रुळलं असेल तर तेच ठेवा.

शिकवायचं असं. पहिले तीन-चार दिवस ठाणातच, घोडी खात नसताना. एक-दीड मीटरवर, तिच्या खांद्याच्या रेषेत उभे राहा. "तारा" एकदाच म्हणा, मोठ्याने नाही. कानाकडे बघत राहा. घोड्याचे दोन्ही कान वेगवेगळे फिरतात, त्यामुळे मान हलायच्या आधी कान सांगतो. आधी बाजूला वळलेला कान तुमच्याकडे फिरला की त्या क्षणी गाजराची फोड द्या. उशीर झाला तर तिला बक्षीस कशाचं मिळालं तेच कळत नाही. फोडी लांबट उभ्या कापा, गोल चकत्या घशात अडकतात. गाजर द्यायचं नसेल तर मानेच्या मुळाशी, आयाळ संपते तिथे, बोटांनी जोरात खाजवा. घोडी एकमेकींना तिथेच खाजवतात आणि त्याने हृदयाचे ठोके संथ होतात. एका वेळी आठ-दहा हाका, दिवसातून दोनदा, पाच मिनिटांवर नाही. मग ठाणाच्या दाराबाहेरून, मग कुंपणापलीकडून, शेवटी मोकळ्या जागेत वीस पावलांवरून. दोन आठवड्यांत मान वळायला लागते.

साईसाने जुनी हाक सांगितली असेल तर क्रम महत्त्वाचा. आधी नवं नाव, सेकंदभर थांबून जुनं, मग फोड. "तारा... राणी." पाच-सहा दिवसांत घोडी 'तारा' ऐकूनच पुढचं ओळखते आणि जुनं नाव गाळता येतं. उलट क्रम लावला, आधी 'राणी' मग 'तारा', तर जुन्या नावावरच तिचं काम भागतं आणि नवं तिच्या लेखी नुसता आवाज राहतो.

बिघडतं ते तीन ठिकाणी. "तारा तारा तारा" अशी माळ ओढली की नाव रातकिड्यांच्या आवाजासारखं मागे पडतं. नाव घेऊन ओरडलं, किंवा हाक मारून बोलावलं आणि इंजेक्शन टोचलं, तर पुढच्या वेळी ती हाकेवर भिंतीकडे तोंड करते. औषधाच्या वेळी नाव न घेता मोरखी घेऊन तिच्याजवळ जा. आणि घरातल्या पाचजणांनी तारा, तारू, तारके, ताराबाई अशा पाच हाका सुरू केल्या तर महिना सहज वाढतो.

आता सासूबाईंच्या भीतीबद्दल. ती हसण्यावारी नेऊ नका, कारण ती लगामातून घोडीपर्यंत पोचते. स्वीडनमध्ये एक प्रयोग झाला होता. घोडा नेणाऱ्या आणि त्यावर बसणाऱ्या माणसांना सांगितलं की या फेरीला वाटेत छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही, तरी माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि त्यांच्या घोड्यांचेही. 'नाव बदललंय, आज पडणार' असं मनात धरून बसलेला स्वार गुडघे आवळतो, श्वास धरतो, लगाम आखडतो. घोडीला एवढंच कळतं की वरच्या माणसाला काहीतरी धोका दिसलाय. ती बुजते, स्वार पडतो आणि समजूत खरी ठरते. घरातल्या ज्या माणसाच्या मनात ही भीती असेल त्याने निदान पहिला महिना रपेट करू नये. खरारा करावा, गाजर द्यावं, हाक मारावी.

विधी म्हणाल तर शास्त्रात ठरलेला असा नाही, पण दसऱ्याला घोड्याची पूजा करतोच आपण. त्या सकाळी करा. तोवर खोकला, वेगळं ठेवणं, शिकवणं, सगळं मार्गी लागलेलं असेल. कुंकू-हळद कपाळावर, डोळ्यांपासून चार बोटं दूर, बोटभरच. झेंडूचा हार तारेत ओवलेला नको. घोडी हार खाणारच, म्हणून सुती दोऱ्यातला, सैल, आणि पूजा झाली की लगेच काढायचा. निरांजन ठाणात नेऊ नका. खाली पेंढा असतो, आणि तोंडासमोर ज्योत फिरली की घोडी मागे सरते. मोकळ्या अंगणात, दोन पावलांवरून ओवाळा. नैवेद्य मूठभर भिजवलेले हरभरे, दोन गाजरं आणि सुपारीएवढा गूळ. पेढे आणि पुरणपोळी नको. ढोल-ताशा आणि फटाके लांब.

नजर लागू नये म्हणून जे बांधतात त्यातलं बरंचसं घोडीला इजा करतं. ठाणाच्या दाराला तारेत ओवलेली लिंबू-मिरची ती चघळते आणि तार जिभेत घुसते. पायाला बांधलेला काळा दोरा पावसात आवळतो. दोन दिवसांत त्याखाली कातडी सोलवटते, खालचा सांधा सुजतो, आणि मग लंगडण्याचं कारण खुरात शोधत बसतात. बिब्बा तर लावूच नका. त्याच्या तेलाने कातडीवर फोड येऊन जखम होते. मीठ-मिरच्या निखाऱ्यावर टाकून दृष्ट काढायची असेल तर ती घराच्या उंबऱ्यावर काढा. तबेल्यातल्या धुराने आधीच खोकणारी घोडी आणखी बिघडेल. सासूबाईंना तिच्यासाठी काही बांधायचंच असेल तर दाराच्या वरच्या चौकटीला, घोडीचं तोंड पोचणार नाही अशा उंचीवर, आंब्याचं तोरण बांधा.

राहिला मोतद्दार. तुम्ही दिवसाला तासभर तिथे असाल, तो पहाटे पाचपासून असतो. त्याने 'तारा' म्हटलं नाही तर घोडी ते नाव शिकणार नाही. त्याच्यावर हुकूम सोडू नका. त्याला नोंदवही दाखवा, जुनं नाव त्यात लिहिलेलं आहे हे दाखवा, आणि साईसाला फोन लावायचं काम त्यालाच द्या. पहाटे पहिला तोबरा बांधायच्या आधी एकदा "तारा" म्हणायचं, कान फिरला की मगच तोबरा, एवढंच त्याच्याकडून हवं आहे.